नव्या सकर माशाचे पहिले तीन आठवडे

फिश टँकच्या काचेला तोंड लावून तासन्‌तास स्तब्ध राहणारा, अंगावर हाडांच्या तबकड्यांचे चिलखत घातलेला काळसर मासा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दुकानात त्याला ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणतात, हौशी मंडळी ‘प्लेको’ म्हणतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. ‘क्लीनर’ या नावानेच त्याचा निम्मा घात होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्याला आपण सफाईकामासाठी घरात आणले, की त्याने जेवण केले की नाही याची चौकशी सहसा होत नाही. या माशाचे तसेच होते. तो शेवाळ खाईल, राहिलेसाहिले खाईल, त्याला वेगळे काही घालावे लागत नाही, असे सांगून तो विकला जातो. आणि दोन-तीन आठवड्यांत तो एका सकाळी तळाशी पालथा सापडतो. मग ‘हा मासा टिकतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. पुष्कळ वेळा तो उपासमारीने गेलेला असतो.

हे सारे मला माहीत होण्याचे कारण घरगुती आहे. आम्ही येलदरीस राहतो. पूर्णा नदीवरील येथील धरण १९६८ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले जलविद्युत केंद्र आहे. माझ्या यजमानांची सारी नोकरी त्या केंद्रात यंत्रांशेजारी गेली. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू दुबळी झाली, बोलणे मंदावले, शब्द ओठांपर्यंत येऊन अडू लागले. व्यायाम चालू होते. पण संध्याकाळी पाचनंतरचा काळ फार जड जाई. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. अशा वेळी मुलाने तीन फुटी टँक आणून त्यांच्या खुर्चीसमोर लावली. त्यात मोली आणि गप्पी होते.

मासे पाहून आजार बरा होतो असे मी म्हणणार नाही. तथापि या विषयावर काम झालेले आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्‌स आणि ॲलन बेक यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या संस्थांमध्ये जेवणाच्या खोलीत मत्स्यालये ठेवून पाहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६२ रुग्ण होते. टँक आल्यानंतर त्यांचे जेवणाचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले आणि सोळा आठवड्यांत वजनही थोडे वाढले. चित्त एका जागी ठरले, की माणूस पानावर अधिक वेळ बसतो, एवढाच त्याचा साधा अर्थ मी घेतला. आमच्याकडेही संध्याकाळची भाकरी टँकसमोर पुरी होऊ लागली, हे मात्र खरे.

टँक आठ महिने चांगली चालल्यावर नातवाने परभणीहून दोन सकर मासे आणले. आजोबांना भेट. प्रत्येकी अडीच इंचांचे. येण्यापूर्वी त्याने फोन केला होता, त्यामुळे तयारीस अवधी मिळाला.

प्रवासाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण बिघाड तेथूनच सुरू होतो. सकरच्या परांना पुढे टणक काटा असतो. एकेरी पिशवी त्याने फुटू शकते, म्हणून पिशवीत पिशवी घालून घ्यावी आणि ती कापडी थैलीत, अंधारात ठेवावी. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी किंचित आम्लधर्मी होते. त्याच्या मलमूत्रातून सुटलेला अमोनिया त्या आम्लतेमुळे बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून आधी पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, तापमान जुळू द्यावे. उघडल्यावर थोडे थोडे टँकचे पाणी तीन-चार वेळा घालावे आणि अर्ध्या तासाच्या आत मासा पाण्यात सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये. जाळीने पकडू नये, काटे तिच्यात अडकतात. वाटीने किंवा डब्याने उचलावा.

दोन्ही मासे मोठ्या टँकमध्ये न सोडता दीड फुटी जुन्या काचपेटीत वेगळे ठेवले. नव्या माशाबरोबर आलेला आजार आधीच्या माशांना लागू नये, यासाठी दोन-तीन आठवड्यांचा हा विलगवास उपयोगी असतो. कोरोनानंतर आपल्याला या शब्दाचा अर्थ नव्याने सांगायला नको. पेटीत मोठ्या टँकमधला जुना, वापरातला स्पंज फिल्टर लावला. यामागे शास्त्र आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि सडलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर विशिष्ट जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये करतात. हे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कोरी करकरीत टँक आणून त्याच दिवशी सकर सोडला, तर विषारी पाणी आणि उपवास हे दोन्ही त्याच्या वाट्याला येतात, कारण नव्या काचेवर शेवाळही नसते. फिल्टर नळाखाली स्वच्छ धुणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की नळातल्या क्लोरीनने ते उपकारक जिवाणूच मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळावा. नवे पाणी घालताना क्लोरीन घालविण्यासाठी दुकानात ‘हायपो’चे खडे मिळतात, वेष्टनावर लिहिलेल्या मापानेच वापरावेत.

पेटीच्या एका कोपऱ्यात फुटक्या माठाचे खापर, कडा घासून, पालथे ठेवले, आणि दुकानातून आणलेला पाण्यात बुडणारा लाकडाचा तुकडा. सकर निशाचर आहे. दिवसा त्याला लपायला जागा हवी आणि लाकूड खरवडण्याची त्याला सवय असते. पहिले दोन दिवस पेटीवर पंचा टाकून अर्धा अंधार ठेवला. आलेला पाहुणा दिसत नाही म्हणून घरातली लहान मुले काचेवर टिचक्या मारतात. ते कटाक्षाने टाळावे.

आता मुख्य मुद्दा. सकर प्रकृतीने ठीक आहे की नाही, हे त्याच्या पोटावरून ओळखावे. काचेला चिकटला की त्याची खालची बाजू आपल्याला पूर्ण दिसते. दुसऱ्या कोणत्याही माशाची इतकी सोय नाही. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर तो खातो आहे. आत ओढलेले, खपाटीला गेलेले असेल, डोळेही खोल गेलेले दिसत असतील, तर तो कित्येक दिवसांचा उपाशी आहे. खरेदीच्या वेळीच हे पाहावे. दुकानदाराला काकडीचा तुकडा टाकायला सांगून मासा खातो का, हे पाहण्यात संकोच वाटू देऊ नये. आमच्या दोहोंपैकी मोठ्याचे पोट बरे होते. लहानाचे आत गेलेले होते. भिंगातून पाहून यांनीच ते प्रथम ओळखले आणि आपल्या डाव्या हाताची तळहाताची बाजू मला वाकवून दाखविली. शब्द नंतर आला: “खळगा.”

नोकरीत असताना दर तासाला यंत्रांच्या नोंदी लिहिण्याची यांची सवय होती. संचावरचा भार, दाब, बेअरिंगचे तापमान, सारे रकान्यांत. मी एक शंभर पानी वही आखून दिली. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, यांनी दोन्ही माशांची नोंद सुरू केली. वेळ, पाण्याचे तापमान, मोठा, लहान, शेरा. हातासाठी दिलेले व्यायाम करताना दहाव्या मिनिटाला कंटाळणारे हे, नोंदीसाठी मात्र पाऊण तास बसत.

खाऊ घालण्याची पद्धत अशी ठरविली. काकडीची साल काढून जाड चकती उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढावी, गार करावी आणि स्टीलच्या काट्याच्या चमच्याला टोचून दिवा मालवल्यावर तळाशी सोडावी. टोचण्याचे काम यांचे. दोडका, पालकाचे पान, लाल भोपळ्याची शिजवलेली फोडही चालते. पण काकडीत बहुतांश पाणीच असते. केवळ तीवर ठेवले तर मासा खाऊनही खंगतो. म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा शेवाळापासून केलेल्या, तळाशी बुडणाऱ्या वड्या द्याव्यात. उरलेले सकाळी काढून टाकावे, नाहीतर ते सडून पाणी बिघडते. पहिल्या रात्री काही खाल्ले नाही तर घाबरू नये. नवीन जागी दोन-तीन दिवस न खाणे स्वाभाविक असते.

मोठा तिसऱ्या रात्री काकडीवर आला. सकाळी चकतीची मधली बियांची बाजू पोखरलेली होती आणि कडेचे कडे तेवढे उरले होते. लहान मात्र खापराखालीच राहिला. त्याला पेटीत मधोमध पातळ काच लावून वेगळे केले, वडी भिजवून अगदी तोंडाशी ठेवली. पाणी तपासण्याच्या संचाने अमोनिया शून्य दाखविला. तापमान २७ अंश. नवव्या दिवशी पहाटे तो गेला. बाजारात येण्यापूर्वीच्या उपवासाने त्याची शक्ती इतकी खर्ची पडलेली होती, की समोर अन्न असूनही घेण्याची ताकद राहिली नव्हती. अशा अवस्थेतून काही मासे वाचतात, काही वाचत नाहीत.

सूनबाईचे म्हणणे, बाबांना सांगू नये. परभणीला जाणाऱ्या कोणाकडून तसाच दुसरा मागवू, तोवर लपून बसलाय म्हणू. तिचा हेतू प्रेमाचाच होता आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्या प्रत्येक घरात असा प्रसंग कधी ना कधी येतोच. मी नको म्हटले. ज्याने नऊ दिवस स्वतःच्या हाताने नोंद ठेवली, त्याच्या वहीत खोटा रकाना भरणे मला बरे वाटेना. आजारी माणसाला वाईट बातमीपेक्षा आपल्याला वगळले जाते आहे ही जाणीव अधिक लागते, असा माझा या तीन वर्षांचा अनुभव आहे. चहा झाल्यावर सांगितले. हे बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. दुपारी जेवण नीट झाले नाही. संध्याकाळी वही मागितली आणि लिहिले: “लहान गेला. पहाटे. मोठा ठीक. काकडी द्या.” लहानाचा रकाना त्यांनी पुढील प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून बंद केला, जसा दुरुस्तीसाठी थांबवलेल्या संचाचा करीत.

मोठा तीन आठवड्यांनी मुख्य टँकमध्ये गेला. त्याच्या डोळ्यांतील एक गंमत यांनी मला दाखविली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. उजेड प्रखर असला की या माशाच्या बुबुळातील एक पडदी वरून खाली उतरते आणि बाहुली चंद्रकोरीसारखी दिसते. अंधार पडला की ती वर सरकते. दिवा लावून-मालवून ती पाहण्यात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या.

आपल्या भागातील हवामानाचा विचार निराळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि टँकचे पाणी सहज ३३-३४ अंशांवर येते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७. शिवाय उष्णतेत माशाची गरज वाढते. सकर वेळप्रसंगी पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो. एखादवेळी तसे केले तर चिंता नको, पण तो वारंवार वर धाव घेऊ लागला तर पाण्यात प्राणवायू कमी आहे असे समजावे. एअर पंप चालू ठेवावा, झाकण उघडून वर जाळी टाकावी, पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा, गोठविलेली पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवावी. बर्फ थेट घालू नये. याउलट डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठातील पारा दहा अंशांखाली उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. या माशाला २४ ते २८ अंश मानवतात, म्हणून हिवाळ्यात तापमान राखणारा हीटर लागतो. आणि वीज गेली की चालणारा बॅटरीचा एअर पंप बाराही महिने हाताशी असावा. वीजनिर्मिती केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांच्या घरीही दिवे जातातच. हे त्यावर अजूनही हसतात.

ज्येष्ठांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःलाही जपावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलायचे म्हटले तर आमच्या तीन फुटी टँकचे तीस किलोच्या आसपास पाणी हलते. ते बादलीने उचलू नये. नळीने थेट बाहेर काढावे, आणि नळी तोंडाने ओढू नये. फरशी लगेच पुसावी, पक्षाघातातून उठलेल्या माणसाला ओल्या फरशीवर पडणे परवडत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपाचे प्लग काढावेत. वायर प्लगपेक्षा खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता जमिनीवर पडतो. मला मधुमेह आहे, म्हणून मी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालते. माशांच्या पाण्यात क्षयाच्या जिवाणूंच्या कुळातील एक जिवाणू असू शकतो. तो त्वचेवरील जखमेतून शिरला तर हातावर सावकाश वाढणाऱ्या गाठी किंवा चिघळणारे व्रण होतात, आणि नेहमीची औषधे त्याला पुष्कळदा लागू पडत नाहीत. हातावर असे काही दिसले तर घरी फिश टँक आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सहाव्या महिन्यात आमचा मासा सात इंचांचा झाला. मुलाने इंटरनेटवर पाहून सांगितले, की सकरच्या पाठीवरील परातील काड्या मोजाव्यात. यांनी भिंग लावून मोजल्या, तीन वेळा. दहापेक्षा अधिक निघाल्या. म्हणजे हा लहान जातीचा, पाच-सहा इंचांवर थांबणारा ‘ब्रिसलनोज’ नव्हे, तर एक-दीड फुटापर्यंत वाढणारा आणि दहा-पंधरा वर्षे जगणारा प्रकार होता. दुकानात दोन्ही लहानपणी सारखेच दिसतात. कोणी घेणार असेल तर ब्रिसलनोजच मागावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. यांचे वय ७७, माझे ७१. या वयात पंधरा वर्षांचे ओझे घरात आणताना ते पुढे कोण वाहील, हे आधी ठरलेले बरे.

शेजारच्यांनी सुचविले, एवढे धरण समोर आहे, द्या सोडून, पुण्यच लागेल. यांचा चेहरा लाल झाला. शब्द लवकर येईना. मग एकदम आला: “नाही!” एवढ्या मोठ्याने हे आजारानंतर बोलले नव्हते.

त्यांचे बरोबर होते. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो धरणाच्या जलाशयात टिलापिया माशाची मोठी मासेमारी चाले; तेथे हे सकर शिरले आणि मच्छीमारांची जाळी खाण्याजोग्या माशांऐवजी त्यांनीच भरू लागली. त्यांचे काटे जाळी फाडतात, आणि अंडी घालण्यासाठी नर काठाच्या मातीत बिळे कोरतात. मातीच्या भरावाचे धरण ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. आपल्या देशात पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात हे मासे पसरले आहेत, २०२० साली वाराणसीजवळ गंगेत सापडले, आणि भीमेवरील उजनी जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येत असल्याच्या बातम्या आहेत. येलदरीच्या जलाशयावर पोट असलेली कुटुंबे आमच्या गावात आणि काठावरच्या गावांत आहेत. कोणताही पाळीव मासा, जिवंत वा मरणासन्न, नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नये. मेलेला मातीत पुरावा.

छत्रपती संभाजीनगरला आमच्या भाच्याकडे सहा फुटी टँक आहे. दिवाळीनंतर मासा तेथे जाईल, असे ठरले आहे. पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी लिहितात तसा एक कागद यांनी तयार करून ठेवला आहे. डाव्या हाताचे अक्षर आता पुष्कळ सुधारले आहे. त्यावर लिहिले आहे: “रात्री खातो. काकडी साल काढून. वडी आठवड्यात तीनदा. २७ अंश. जाळीने धरू नये. पोट रोज पाहणे.”